पेन ड्राइव्ह अडतो तेव्हा संगणक काय करतो?

कापडाच्या धंद्यात आज जमाखर्च असो की भरतकामाचे डिझाइन, बरीचशी देवाणघेवाण पेन ड्राइव्हवरून होते. पूर्वी हे काम फ्लॉपी करीत असे. अशी वस्तू कधी ना कधी बिघडणार, यात नवल नाही. परंतु बिघडलेला ड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर जो इंग्रजी मजकूर येतो, तो न वाचताच बरेच बांधव 'येस' दाबून मोकळे होतात आणि जे वाचले असते तेही गमावून बसतात. म्हणून अशा वेळी संगणक आत काय करीत असतो, हे आम्ही दुकानदाराच्या भाषेत सांगणार आहोत.

ड्राइव्हवरील माहिती लहान लहान कप्प्यांत ठेवलेली असते. एका कप्प्याला सेक्टर म्हणतात व त्यात साधारणपणे ५१२ बाइट, म्हणजे इंग्रजीतील ५१२ अक्षरे मावतात. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर असे २,८८० सेक्टर असत. माहितीसोबत पडताळ्याचे काही आकडेही लिहिले जातात. वहीच्या पानाखाली आपण बेरीज मांडतो, तसाच हा प्रकार आहे. वाचताना बेरीज जुळली नाही की कुठेतरी गफलत झाली हे कळते. फ्लॉपीत एवढेच कळत असे. पेन ड्राइव्हमधील चिप मात्र या आकड्यांवरून थोडीफार चूक स्वतःच दुरुस्त करते आणि संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पेन ड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते. ड्राइव्ह वर्षानुवर्षे खणात पडून राहिला की हा भार हळूहळू गळत जातो. चुका चिपच्या आवाक्याबाहेर गेल्या की मगच ड्राइव्ह संगणकाला कळवतो की अमुक सेक्टर वाचता येत नाही. याचाच अर्थ असा की पहिली तक्रार येते तेव्हा दुखणे जुने असू शकते.

यानंतर ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे विंडोज अथवा लिनक्सची पाळी येते. तिची पहिली सवय पुन्हा प्रयत्न करून पाहण्याची. ही सवय फ्लॉपीच्या जमान्यातली आहे. फ्लॉपीची मोटर वेग धरेपर्यंत पहिले वाचन फसू शकत असे, म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तीनदा तरी प्रयत्न करा, असे सांगितलेले असे. तरीही जमले नाही तर डॉस पडद्यावर 'ॲबॉर्ट, रिट्राय, फेल' असा सवाल टाकून निर्णय मालकावर सोपवीत असे. डॉसच्या जुन्या आवृत्त्यांत 'इग्नोर' हाही पर्याय होता. तो निवडला की वाचन नीट झाले असे समजून प्रोग्राम पुढे चालत असे. हिशेबाच्या कामात याहून घातक सोय दुसरी नसेल!

आजची सिस्टिम मालकाला विचारण्यापूर्वी बरीच खटपट स्वतःच करते. लिनक्स एका मागणीच्या उत्तरासाठी साधारणपणे ३० सेकंद थांबते, उत्तर आले नाही तर यूएसबीची जोडणी नव्याने सुरू करते आणि तीच मागणी पुन्हा पाठवते. त्यामुळे एकेका खराब सेक्टरपायी काही मिनिटे जाऊ शकतात. पडद्यावरचे चक्र फिरत राहते, संगणक गोठल्यासारखा वाटतो आणि आपण चिडून ड्राइव्ह उपटतो. विंडोजमधील 'रोबोकॉपी' या नक्कल करणाऱ्या आज्ञेची तर कमाल आहे. वेगळे काही सांगितले नाही तर ती एका अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते. हिशेब केला तर नुसते थांबण्यातच ३४७ दिवस जातात. मरणाला टेकलेल्या ड्राइव्हला इतके राबवणे म्हणजे तो पुरता बसवणेच होय. ही आज्ञा वापरायचीच असेल तर प्रयत्नांची संख्या एक किंवा शून्य ठेवावी.

प्रयत्न थकले की सिस्टिम तो वापरत असलेल्या प्रोग्रामला 'वाचता आले नाही' असे सांगते. विंडोजवर 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक' हा मजकूर येतो तो याच वेळी. हा मजकूर म्हणजे प्रामाणिक तक्रार आहे, तिचा राग करू नये. राग करावा तो चुकीची माहिती बिनतक्रार देणाऱ्या ड्राइव्हचा. बाजारात लेबलावर मोठा आकडा छापलेले नकली ड्राइव्ह मिळतात, ते या जातीचे. आतली खरी जागा संपली तरी ते माल घेतच राहतात. पेन ड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट ३२ किंवा एक्सफॅट या मांडणीत फाइलच्या मजकुराचा पडताळा ठेवलेलाच नसतो, त्यामुळे सिस्टिम ड्राइव्हच्या शब्दावर विसंबते.

भरतकामाच्या कारागिरांना याची झळ कशी बसते ते पाहा. एम्ब्रॉयडरी मशीनच्या डीएसटी फाइलमध्ये आरंभी ५१२ बाइटचे टिपण असते आणि पुढे प्रत्येक टाक्याला तीन बाइट. टाका कोठे घालायचा हे त्यात आधीच्या टाक्यापासूनच्या अंतराने सांगितलेले असते. मधला एक टाका बिघडला तर त्यापुढची सगळी वेल सरकते. मशीन तक्रार करीलच असे नाही, कापड मात्र वाया जाते. म्हणून ड्राइव्हबद्दल शंका असेल तर आधी चिंधीवर नमुना काढावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ड्राइव्हचा आरंभीचा भाग वाचता आला नाही, किंवा वाचला पण ओळखता आला नाही, की विंडोज म्हणते, 'वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करू का?' वाचणाऱ्याला वाटते की हा इलाज आहे. तो इलाज ड्राइव्हचा असेल, आपल्या मालाचा नव्हे. 'क्विक' फॉरमॅटने अनुक्रमणिका कोरी होते, माल बराचसा जागेवर असतो व जाणकाराला काढता येतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सगळ्या जागेवर शून्ये लिहितो. त्यानंतर काही उरत नाही.

'चेकडिस्क'ही तसेच समजावे. ते खराब जागेवर फुली मारते, तुटलेल्या साखळ्या कापते आणि बेवारस तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. बेरीज जुळावी म्हणून न जुळणाऱ्या नोंदीच खोडणाऱ्या गुमास्त्यासारखा हा कारभार आहे. वही स्वच्छ दिसते, पण उधारी कोणाकडे होती ते जाते.

तेव्हा ड्राइव्ह अडला की त्यावर काहीही लिहू नये आणि दुरुस्तीही करू नये. ड्राइव्ह उघडत असेल तर सर्वांत गरजेची फाइल प्रथम काढून घ्यावी, सगळे फोल्डर एकदम ओढू नये. उघडत नसेल तर लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो चांगला भाग आधी उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. हाती आलेली सारी नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवून दुरुस्तीचे प्रयोग त्या नकलेवर करता येतात. काम दुकानदाराकडून करून घेत असाल तर 'आधी नक्कल काढा, मग हात लावा' असे स्पष्ट बजावावे.

जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची वही वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागते. इतकी वर्षे खणातल्या एकाच पेन ड्राइव्हच्या भरवशावर राहू नये. दोन वेगळ्या ठिकाणी नकला असाव्यात, आणि त्या दर सहा महिन्यांनी नुसत्या मोजून न ठेवता उघडूनही पाहाव्यात.