सावळ्या पाठीवर लाली शोधू नका

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ लागल्याची पहिली खूण म्हणजे बोटाने दाबूनही न जाणारी लाली. आपल्याकडच्या कितीतरी रुग्णांसाठी हा निकष अपुरा आहे. सावळ्या त्वचेवर लाली सहसा दिसतच नाही; जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद छटा येते. म्हणून चांगल्या उजेडात बघा आणि हातही लावा. माकडहाड, खुबा, टाच यांवर बोटांची मागची बाजू टेकवा. शेजारच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत लागते का? दुखतं का, हेही विचारा. साधारण दर 2 तासांनी कूस बदला, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. शंका आलेली जागा चोळू मात्र नका, आतल्या पेशी आणखी दुखावतात. फरक जाणवला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.