कारखान्यातील तेलगळती व तिचे निवारण

जालना जिल्ह्यातील उद्योगांत दोन जातींची तेले नित्य हाताळली जातात. पोलादाच्या रोलिंग मिलमधील वंगणतेल व जनित्रांना लागणारे डिझेल ही खनिज तेले होत. सरकीचे तेल वनस्पतिज होय. जमिनीवर सांडल्यावर ही तेले सारखीच भासतात; परंतु त्यांपासून संभवणारे धोके भिन्न असल्याने निवारणाची रीतही त्या भेदावरून ठरवावी लागते.

ज्या किमान तापमानास तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यास प्रज्वलनांक म्हणतात. भारतीय मानकानुसार मोटारींच्या डिझेलचा प्रज्वलनांक ३५ अंश सेल्सिअसहून कमी असता कामा नये. जालन्यात उन्हाळ्यातील दुपारचे तापमान ४० अंशांवर जाते. तेव्हा डिझेल सहजी पेटत नाही, हा समज येथे भ्रामक ठरू शकतो. वंगणतेलाचा प्रज्वलनांक पुष्कळच अधिक असतो. पण लालबुंद लोखंडाच्या सान्निध्यात तेही सुरक्षित राहत नाही. सरकीच्या तेलाचा धर्म निराळा. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होताना उष्णता उत्पन्न होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांच्या ढिगात ती कोंडून राहिली, तर ठिणगीवाचूनही आग लागू शकते.

याकरिता कृतीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम जवळच्या माणसांस दूर करावे व ज्वाला, वेल्डिंग आदी ठिणगीची साधने बंद करावीत. नंतर, धोका नसेल तरच, झडप मिटवावी किंवा कलंडलेले पिंप उभे करावे. तदनंतर गटाराच्या तोंडाशी वाळूचा बांध घालावा. पुसण्याचे काम सर्वांत शेवटी. कारण एक मिलिमीटर जाडीचा थर धरल्यास २०० लिटरचे पिंप २०० चौरस मीटर जागा व्यापते, आणि प्रवाह अडविण्यापूर्वी पुसणे व्यर्थ होय. पेट घेण्याजोग्या तेलावर लाकडाच्या भुशापेक्षा कोरडी वाळू बरी, कारण ती स्वतः जळत नाही. भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

पाण्याने जमीन धुऊन काढण्याची सवय मात्र सर्वस्वी त्याज्य आहे. तेल पाण्यावर तरंगत गटारात जाते; साबण वापरल्यास त्याचे सूक्ष्म कण होऊन ते वेगळे करणे अधिकच दुष्कर होते. जालना शहर कुंडलिका नदीकाठी वसले आहे व जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात भूजल मुख्यतः भेगांतून व झिजलेल्या थरांतून वाहते. त्या वाटेने शिरलेले तेल विहिरीपर्यंत पोहोचले, तर ते काढून टाकणे फार कठीण असते.

गोळा केलेली तेलकट वाळूही कचरा म्हणून टाकता येत नाही. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार असा कचरा सामान्यतः ९० दिवसांपर्यंतच साठविता येतो व अधिकृत संस्थेकडेच सोपवावा लागतो. सारांश, जमीन स्वच्छ दिसली म्हणजे निवारण झाले असे नव्हे. तेल शेवटी कोठे गेले, हे सांगता आले पाहिजे.