देवमाशाचं तेल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिंधुदुर्गच्या समुद्रात देवमासे आजही वावरतात. 2015 साली संशोधकांना इथे निळे देवमासेही दिसले. एकेकाळी याच प्राण्यांच्या चरबीवर युरोप-अमेरिकेतले दिवे आणि कारखाने चालत. त्या तेलाबद्दलचे काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : देवमाशाचं तेल म्हणजे माशाचंच तेल.
वस्तुस्थिती : देवमासा हा फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्याच्या कातडीखालच्या चरबीचा जाड थर कढवून तेल काढत. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या डोक्यातला द्रव मात्र मेणाच्या जातीचा. त्याच्या मेणबत्त्या करत.

गैरसमज : जुन्या काळी कोकणातले दिवेही देवमाशाच्या तेलावरच जळत.
वस्तुस्थिती : इथे उंडी, करंज आणि नारळ दारातच होते. उंडीच्या बियांचं तेल खाण्याजोगं नसतं, पण ते दिव्यात जाळत आणि होडीच्या लाकडालाही लावत. होड्यांना चोपडायचं दुसरं तेल मुशीच्या यकृताचं, म्हणजे खरोखरच माशाचं.

गैरसमज : देवमाशाच्या तेलाचा उपयोग फक्त दिव्यांना होता.
वस्तुस्थिती : वंगण, साबण, कातडी कमावणं अशी कामं त्यावर होत. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्या बंगालचा ताग याच तेलाने मऊ करत. 20व्या शतकात हे तेल घट्ट करण्याची रीत सापडली आणि ते मार्गारिनमध्ये गेलं. पहिल्या महायुद्धात त्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकं बनली.

गैरसमज : रॉकेल आलं आणि देवमासे वाचले.
वस्तुस्थिती : अमेरिकेत 1859 साली खनिज तेलाची विहीर लागली, दिव्यांत रॉकेल आलं. पण वाफेची जहाजं आणि स्फोटक भाले यांमुळे शिकार वाढतच गेली. एकट्या 20व्या शतकात सुमारे 29 लाख देवमासे मारले गेले. आपला अरबी समुद्रही सुटला नाही : नोव्हेंबर 1966 मध्ये सोव्हिएत जहाजांनी इथे दोनशेहून अधिक कुबड देवमासे मारले. व्यापारी शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी 1986 मध्ये लागू झाली.

गैरसमज : किनाऱ्यावर सापडलेली ‘देवमाशाची उलटी’ विकायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : ही ‘उलटी’ म्हणजे अंबरग्रीस; तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार भारतात तो बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे.

अंबरग्रीसचा गोळा दिसला किंवा देवमासा किनाऱ्याला लागला, तर हात न लावता वनखात्याला कळवा. तेलाची गरज कधीच संपली आहे. उरलेले देवमासे जगवणं आपल्या हातात आहे.