दिनारावरील मुद्रा

छापखाना नाही, वृत्तपत्र नाही, अशा काळी राज्यकर्त्याने आपले म्हणणे दूरच्या छावणीतील शिपायापर्यंत कसे पोचवावे? प्राचीन रोमने हे काम नाण्यावर सोपविले.

'देनारिउस' हे रोमचे रौप्य नाणे इ. स. पूर्व २११ च्या सुमारास, हानिबालशी युद्ध चालू असता, प्रथम पाडण्यात आले. त्याच्या एका बाजूस पंखयुक्त शिरस्त्राण घातलेली रोमा देवी दिसते. दुसऱ्या बाजूस कास्टर आणि पोलक्स हे जुळे देव घोडे फेकीत निघालेले असतात. आपल्याला अश्विनीकुमारांचे स्मरण व्हावे, असेच ते आहेत. पुढे टांकसाळीचे अधिकारी आपापल्या पूर्वजांचे पराक्रम नाण्यावर कोरवू लागले. परंतु जिवंत रोमन पुरुषाचा मुखवटा रोमच्या टांकसाळीतील नाण्यावर उमटत नसे. नाणे प्रजासत्ताकाचे होते, व्यक्तीचे नव्हे.

हा संकेत इ. स. पूर्व ४४ मध्ये सीझरने मोडला. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा वध झाला. वध करणाऱ्यांपैकी ब्रूटसने पुढे सैन्याच्या वेतनासाठी नाणे काढले. त्यावर दोन खंजीर आहेत, त्यांच्यामध्ये मुक्त केलेल्या दासाची टोपी आहे आणि खाली वधाच्या तिथीचा उल्लेख आहे. मात्र नाणे उलटून पाहावे, तो दुसऱ्या बाजूस खुद्द ब्रूटसचाच मुखवटा! स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्यालाही तो मोह आवरला नाही.

त्यानंतर सम्राटांचा मुखवटा हीच नाण्याची रीत झाली. मुखवटा भव्य राहिला, चांदी मात्र घटत गेली. ऑगस्टसचे नाणे जवळजवळ शुद्ध चांदीचे होते. इ. स. ६४ मध्ये नीरोने त्याचे वजन आणि कस दोन्ही कमी केले. इ. स. २१५ मध्ये काराकाल्लाने दोन दिनारांच्या मोलाचे म्हणून एक नवे नाणे काढले, इ. स. २७० च्या सुमारास ते चांदीचा मुलामा दिलेले तांबेच उरले होते.

दक्षिण भारतात, विशेषतः कोइमतूरच्या परिसरात, ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे दिनार विपुल सापडले आहेत. नीरोने कस उतरविल्यानंतरचे मात्र विरळाच. आपल्या व्यापाऱ्यांनी सम्राटाच्या चेहऱ्यापेक्षा धातूची पारख अधिक केली, असे अनुमान अभ्यासक काढतात. त्या नाण्याचे नाव मात्र येथे रुजले. गुप्तकालीन लेखांत सुवर्णनाण्याला 'दीनार' म्हटलेले आढळते. मुद्रा कोणाचीही असो, तिच्यावरील विश्वास शेवटी तिच्या कसावरच टिकतो.