डवरणीने ओल का टिकते?

श्रावणात पावसाने दहा-बारा दिवस दडी मारली की देवळी, सेलू, हिंगणघाट, समुद्रपूर भागातील काळ्या रानात पऱ्हाटीच्या तासांतून डवरे फिरू लागतात. निंदण तर निघतेच. पण जुनी माणसे म्हणतात, ‘एक कोळपणी, अर्धे पाणी.’ कोळपणी म्हणजेच आपली डवरणी. वरून थेंबही न पडता डवऱ्याने पाणी कसे मिळते?

याचे उत्तर घरातल्या दिव्याच्या वातीत आहे. तेल खाली, ज्योत वर. तरी तेल वर चढते. कापसाच्या तंतूंमधल्या केसासारख्या बारीक फटी त्याला ओढून घेतात. याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी अरुंद, तितके पाणी उंच चढते. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, तर ०.१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. हा नियम इंग्लंडच्या जेम्स जुरिन यांनी १७१८ च्या सुमारास मांडला.

जमिनीतही अशाच नळ्या असतात, पण सरळ नसतात. मातीच्या कणांमधून त्या वळणे घेत जातात. वळणांमुळे वाट लांबते आणि पाणी सावकाश चढते. पण ते किती उंच जाईल हे फटीच्या अरुंदपणावर ठरते. याच वाटांनी खालची ओल मुळांपर्यंत येते. मात्र वरची माती दबून घट्ट झाली की तीच ओल पृष्ठभागापर्यंत पोचते आणि उन्हाने उडून जाते.

डवऱ्याची पास वरची दोन-तीन बोटे माती मोकळी करते. ढेकळांमधल्या फटी रुंद होतात, तिथे नळ्या तुटतात आणि ओल खालीच थांबते. काळी जमीन वाळून भेगाळते. त्या भेगाही मातीने बुजतात. शिवाय पाणी पिणारे तण जाते. म्हणीतले ‘अर्धे’ हे काही मोजमाप नाही, पण तिच्यातली गोष्ट खरी आहे.

आता अनेक जण तणनाशक फवारून मोकळे होतात. त्याने तण मरते. पण जमिनीचा वरचा थर फुटत नाही, भेगाही बुजत नाहीत. म्हणून फवारले तरी पावसाच्या खंडात वाफसा पाहून एक उथळ डवरणी करावी. खोल केल्यास पिकाची मुळे तुटतात. ओल्या रानात केल्यास माती चिकटून आणखी दबते.

मुलांना हे घरीच दाखवता येईल. एका बशीत शाईचे पाणी घेऊन खडू उभा करा; शाई चढताना दिसेल. दुसऱ्या बशीत तेवढ्याच पाण्यात गिट्टीच्या खड्यांचा ढीग करा. वरचे खडे कोरडेच राहतील. खडू म्हणजे दबलेले रान, खडे म्हणजे डवरलेले. कोणी सांगितले म्हणून मानू नका. करून पाहा आणि पटले तर धरा.