आंतरराष्ट्रीय कामगार ऐक्य

एका देशातील कामगारांनी वा त्यांच्या संघांनी दुसऱ्या देशातील कामगारांच्या हक्करक्षणासाठी केलेले संघटित साहाय्य म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार ऐक्य होय. संपनिधी पाठविणे, निषेध नोंदविणे, विशिष्ट मालावर बहिष्कार घालणे, जहाजावरील माल उतरविण्यास नकार देणे, आंतरराष्ट्रीय संस्थांकडे तक्रार दाखल करणे आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांशी करार करणे हे त्याचे प्रमुख प्रकार होत. विकसनशील देशांच्या संदर्भात या ऐक्यास विशेष महत्त्व आहे. तेथील निर्यात उद्योगांत कामगाराचा प्रत्यक्ष मालक स्थानिक कारखानदार असतो. परंतु मालाची किंमत व मुदत ठरविणारी कंपनी बहुधा परदेशी असते. त्यामुळे कारखान्याच्या दारात झालेला संप निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही.

ऐतिहासिक आढावा : २८ सप्टेंबर १८६४ रोजी लंडन येथे स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय श्रमिक संघ (पहिली इंटरनॅशनल) हा या दिशेने झालेला पहिला मोठा प्रयत्न होय. संपाच्या वेळी मालकांनी परदेशांतून बदली कामगार आणू नयेत, ही त्यामागील एक व्यावहारिक निकड होती. १८८९ पासून व्यवसायवार आंतरराष्ट्रीय सचिवालये निघू लागली. त्यांपैकी १८९६ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ आजही कार्यरत आहे. १९१९ च्या व्हर्साय तहान्वये ⇨ आंतरराष्ट्रीय मजूर संघटना अस्तित्वात आली आणि तिच्या परिषदेत प्रत्येक देशाचे दोन शासकीय प्रतिनिधी, एक मालकांचा व एक कामगारांचा प्रतिनिधी, अशी त्रिपक्षीय रचना स्वीकारण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिस येथे जागतिक कामगार संघ महासंघ स्थापन झाला. तथापि शीतयुद्धामुळे त्यात फूट पडून १९४९ मध्ये मुक्त कामगार संघांचा आंतरराष्ट्रीय महासंघ वेगळा झाला. भारतात आयटक पहिल्याकडे, तर इंटक दुसऱ्याकडे राहिली. या काळात परदेशी साहाय्यामागे पुष्कळदा महासत्तांचे राजकारण असे आणि त्यामुळे नवस्वतंत्र देशांतील कामगार चळवळी दुभंगल्या. १ नोव्हेंबर २००६ रोजी व्हिएन्ना येथे मुक्त संघांचा महासंघ व ख्रिस्ती परंपरेतील जागतिक श्रमिक महासंघ यांचे विलीनीकरण होऊन आंतरराष्ट्रीय कामगार संघ महासंघ निर्माण झाला. १९४५ चा महासंघ मात्र त्यात सामील झाला नाही.

भारतीय अनुभव : बाहेरून येणारी सहानुभूती निर्हेतुक असते काय, हा प्रश्न भारतात फार लवकर उपस्थित झाला. मुंबईच्या गिरण्यांतील दीर्घ कामाच्या तासांविरुद्ध १८७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये जी ओरड झाली, तीत परोपकारी सुधारकांबरोबरच मँचेस्टरचे कापड उत्पादकही होते. मुंबईचे स्वस्त सूत व कापड त्यांना स्पर्धक वाटू लागले होते. १८८१ च्या कारखाना अधिनियमाकडे म्हणूनच येथील गिरणीमालक व अनेक राष्ट्रीय पुढारी संशयाने पाहत. परंतु १८८४ मध्ये ⇨ नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरवून कारखाना आयोगास निवेदन सादर केले. साप्ताहिक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार व अपघात झाल्यास भरपाई या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. परक्यांचा हेतू काहीही असो, हक्काची मागणी कामगारांची स्वतःची आहे, हे या निवेदनाने सिद्ध केले.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेमुळे भारतीय चळवळीस निराळ्या रीतीने चालना मिळाली. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेसाठी ⇨ ना. म. जोशी यांची कामगार प्रतिनिधी म्हणून निवड शासनानेच केली. कारण प्रातिनिधिक अशी मध्यवर्ती संघटना त्या वेळी नव्हती. ही उणीव भरून काढण्याच्या गरजेतूनही ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबई येथे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष व जोसेफ बॅप्टिस्टा उपाध्यक्ष होते.

साधने : संघटना-स्वातंत्र्याविषयीचा ८७ क्रमांकाचा संकेत (१९४८) आणि सामूहिक सौद्याविषयीचा ९८ क्रमांकाचा संकेत (१९४९) हे कामगार हक्कांचे आंतरराष्ट्रीय अधिष्ठान होय. १९५१ मध्ये नेमलेल्या संघस्वातंत्र्य समितीपुढे, संबंधित देशाने हे संकेत अनुसमर्थित केलेले नसले तरी, तक्रार मांडता येते. मात्र समितीस दंड करण्याचा अधिकार नाही. तिचे बळ नैतिक आहे. १९९८ च्या जाहीरनाम्याने संघटना-स्वातंत्र्य, सक्तमजुरी व बालमजुरीचे निर्मूलन आणि भेदभावास प्रतिबंध ही तत्त्वे सर्व सदस्यराष्ट्रांस बंधनकारक मानली. जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळाची त्यांत भर पडली. २०२४ अखेरपर्यंत भारताने ८७ व ९८ हे संकेत अनुसमर्थित केलेले नव्हते.

प्रत्यक्ष कृतीचे एक उल्लेखनीय उदाहरण ग्वातेमालातील आहे. तेथील कोका-कोलाच्या परवानाधारक बाटलीभरण कारखान्यात १९७० नंतरच्या दशकात संघ उभा राहताच दडपशाही सुरू झाली व संघाचे अनेक पदाधिकारी आणि सभासद मारले गेले. जिनीव्हास्थित आंतरराष्ट्रीय अन्न-कामगार महासंघाने १९८० मध्ये अनेक देशांत बहिष्कार व काम थांबविण्याची मोहीम चालविली, तेव्हा मूळ कंपनीस परवानाधारक बदलणे भाग पडले. १९८४ मध्ये नव्या मालकांनी दिवाळे जाहीर केल्यावर कामगारांनी सुमारे वर्षभर कारखाना ताब्यात ठेवला. परदेशी दडपण उपयोगी पडले. पण कारखान्यात पहारा देणारे कामगार तेथलेच होते. विकसनशील देशांनी परस्परांस केलेल्या साहाय्याचीही उदाहरणे आहेत. एप्रिल २००८ मध्ये झिंबाब्वेकडे जाणारी शस्त्रास्त्रे उतरविण्यास दक्षिण आफ्रिकेतील दरबान बंदराच्या कामगारांनी नकार दिला.

बांगला देशातील सुरक्षा करार : अलीकडील काळातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग बांगला देशातील तयार कपड्यांच्या उद्योगात झाला. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी डाक्क्याजवळील ताझरीन कारखान्यास लागलेल्या आगीत किमान ११२ कामगार मृत्युमुखी पडले. पुढे पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, सावार येथील राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार ठार झाले. त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. आदल्या दिवशी इमारतीस तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरील बँक व दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या मजल्यांवरील कपडे-कामगारांना मात्र कामावर येण्यास भाग पाडण्यात आले. ‘नाही’ म्हणण्याचे सामर्थ्य देणारा संघ त्यांच्याजवळ नव्हता. विशेष हे की, ८७ व ९८ हे दोन्ही संकेत बांगला देशाने १९७२ मध्येच अनुसमर्थित केलेले होते.

मे २०१३ मध्ये इंडस्ट्रिऑल व युनी हे दोन जागतिक महासंघ, बांगला देशातील कामगार संघ आणि परदेशी वस्त्रविक्रेत्या कंपन्या यांच्यात पाच वर्षांचा ‘अकॉर्ड’ नावाचा करार झाला. पुढे स्वाक्षरी करणाऱ्या कंपन्यांची संख्या २०० च्या वर गेली. पूर्वीच्या स्वेच्छाधारित आचारसंहितांहून तो तीन बाबतींत भिन्न होता : (१) तो कायद्याने बंधनकारक असून वाद लवादाकडे नेता येत असे, (२) नियामक समितीत कंपन्या व कामगार संघ यांचे प्रतिनिधी समसमान होते आणि अध्यक्षपद आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेकडे होते, (३) तपासणी अहवाल प्रसिद्ध केले जात व दुरुस्त्या न करणाऱ्या कारखान्यास स्वाक्षरी करणाऱ्या कोणत्याही कंपनीने काम द्यावयाचे नाही, असे बंधन होते. धोकादायक इमारतीत शिरण्यास नकार देण्याचा कामगाराचा हक्कही मान्य झाला. १६०० हून अधिक कारखाने तपासणीखाली आले. महासंघांनी हेग येथील स्थायी लवाद न्यायालयामार्फत चालविलेल्या दोन दाव्यांत तडजोड होऊन त्यांपैकी एकात कंपनीने २३ लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले (२०१८). जून २०२० मध्ये तपासणीचे काम डाक्का येथील त्रिपक्षीय परिषदेकडे गेले. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा नवा करार झाला आणि २०२३ पासून त्याची व्याप्ती पाकिस्तानपर्यंत वाढली.

या कराराच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तो निर्यातीसाठी काम करणाऱ्या कारखान्यांपुरता होता. जुलै २०२१ मध्ये रूपगंज येथील अन्नप्रक्रिया कारखान्याच्या आगीत ५० हून अधिक माणसे दगावली, त्या कारखान्यास त्याचे संरक्षण नव्हते. शिवाय इमारती सुरक्षित झाल्या, तरी वेतनाचा प्रश्न करारात नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये आशुलिया येथील वेतनवाढीच्या संपानंतर सुमारे १५०० कामगारांना काढून टाकण्यात आले आणि पुढाऱ्यांना अटक झाली. आंतरराष्ट्रीय दडपणानंतर त्यांची सुटका झाली. २०२३ मध्ये कामगारांनी मासिक २३,००० टाका किमान वेतन मागितले असता १२,५०० टाका मंजूर झाले. त्या आंदोलनात काही कामगार प्राणास मुकले.

सामाजिक कलमाचा वाद : व्यापारी करारांत कामगार हक्कांची अट, म्हणजे ‘सामाजिक कलम’, घालावी, अशी मागणी १९९० नंतर प्रगत देशांतील संघांनी केली. विकसनशील देशांनी, आणि भारतातील बहुतेक मध्यवर्ती कामगार संघटनांनीही, तीस विरोध केला. अशा अटीचा उपयोग गरीब देशांची निर्यात रोखण्यासाठी होईल आणि दंड मालकास न होता कामगाराचीच नोकरी जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे जागतिक व्यापार संघटनेने हा विषय आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या कक्षेत ठेवला आणि श्रममानकांचा संरक्षक जकातीसारखा वापर नाकारला. मँचेस्टर व मुंबई यांच्यातील शंभर वर्षांपूर्वीचा संशय येथे नव्या रूपात प्रकटला होता. हा संशय निराधार नाही. तथापि, त्याची ढाल करून आपल्याच कामगारांचे संघटना-स्वातंत्र्य नाकारणारी सरकारेही आढळतात.

मूल्यमापन : परदेशी साहाय्याची कसोटी ते देणाऱ्याच्या हेतूपेक्षा ते कोणी मागितले व त्याच्या वाटाघाटीत कोण बसले, यावर अधिक अवलंबून असते. सदर उदाहरणांत स्थानिक कामगारांची मागणी व सहभाग जितका ठळक, तितका परिणाम टिकाऊ ठरला. आंतरराष्ट्रीय ऐक्याने कारखान्याची भिंत भक्कम करता येते, तुरुंगातील पुढारी सुटू शकतो व कंपनीस चर्चेस बसविता येते. परंतु वेतनाचा दर आणि धोक्याच्या क्षणी काम नाकारण्याचे धैर्य यांचा उगम शेवटी कामगारांच्या स्वतःच्या संघातच असतो. असा संघ उभा राहण्यास अवकाश मिळवून देणे, हेच या ऐक्याचे मुख्य प्रयोजन होय.