वाटाड्या यंत्र आणि त्याच्या नकाशाची उजळणी

परक्या मुलखांत जातांना वाटाड्या बरोबर घ्यावा, हा आपल्याकडील फार जुना शिरस्ता आहे. घाट उतरावयाचा असो कीं नदीचा उतार शोधावयाचा असो, त्या गांवचा माणूस पुढें असला म्हणजे प्रवासी निश्चिंत असे. आतां वाटाड्याची ही जागा एका लहानशा यंत्रानें घेतली आहे. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं इचलकरंजीस पहिला यंत्रमाग आणला, तेव्हांपासून या गांवचें जीवित कापडाशीं बांधलें गेलें. आणि येथील कापडाच्या गांठी घेऊन निघालेल्या मालमोटारी दूरदूरच्या प्रांतांत जातात. त्या चालकांपैकीं पुष्कळांच्या समोर आज मार्ग दाखविणारें स्वतंत्र यंत्र असतें, नाहीं तर तेंच काम करणारा मोबाइल असतो.

यंत्र विकत घेतलें म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. त्याच्या पोटांतील नकाशा शिळा होतो व तो वेळोवेळीं बदलावा लागतो. हें काम करण्यासाठीं यंत्राचे कर्ते एक सॉफ्टवेअर देतात. त्याविषयीं लोकांचीं मतें पाहूं गेल्यास मनुष्य गोंधळून जातो. एकजण म्हणतो, "फार सोयीचें", दुसरा त्याच वस्तूविषयीं म्हणतो, "पैसे पाण्यांत गेले." दोघेही खोटें बोलत नसतील, मग हा भेद कशानें पडतो? आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल अशा रीतीनें या प्रश्नाची थोडी फोड करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम यंत्राचें कार्य पाहूं. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जीपीएस नांवाचे कृत्रिम उपग्रह फिरत असतात. त्यांपैकीं पहिला १९७८ सालीं सोडला गेला, आणि १९९५ सालीं ही योजना पूर्णत्वास गेली. प्रत्येक उपग्रहावर अत्यंत सूक्ष्म घड्याळ असतें. "मी अमुक ठिकाणीं आहें व आतां इतके वाजले आहेत" असा निरोप तो अखंड पाठवीत असतो. प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर या गतीनें, तो निरोप खालीं येण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. या विलंबावरून यंत्र उपग्रहाचें अंतर काढतें. असे निदान चार उपग्रह दिसले म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची व स्वतःच्या घड्याळांतील चूक या चार अज्ञात राशी सुटतात. बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस चार अज्ञातांस चार समीकरणें कां लागतात हें सांगणें नकोच. घड्याळांत सेकंदाचा दहा लक्षावा भाग जरी चुकला, तरी अंतरांत सुमारे ३०० मीटरांची चूक पडते, यावरून हें गणित किती नाजूक आहे तें कळेल. आपल्या देशानेंही २०१३ पासून या कामासाठीं स्वतःचे उपग्रह सोडण्यास आरंभ केला. २०१६ सालीं त्या योजनेस 'नाविक' हें नांव मिळालें.

परंतु येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरिली पाहिजे. उपग्रहास रस्ता ठाऊक नसतो. तुम्ही सुमारे १६ अंश ४२ कला उत्तर अक्षांशावर व ७४ अंश २८ कला पूर्व रेखांशावर आहां, एवढेंच गणित यंत्रास करितां येतें. तें ठिकाण म्हणजे इचलकरंजी, तेथून हुपरीस अमुक रस्ता जातो, पुढें नदी आहे, नदीवर पूल आहे, हें सर्व ज्ञान माणसानें हिंडून, मोजून व लिहून ठेविलेल्या नकाशांतून येतें. तेव्हां या सेवेचीं अंगें चार आहेत: आकाशांतील उपग्रह, यंत्र व त्याच्या आंतील मूळ आज्ञावली, त्यांत भरलेला नकाशा, आणि नकाशा व आज्ञावली बदलणारें संगणकावरील सॉफ्टवेअर. आमच्या मतें, लोकांच्या अभिप्रायांत जो गोंधळ दिसतो त्याचें मूळ, एका अंगाचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारला जातो, यांत आहे.

आतां तक्रारी पाहूं. या धंद्यांत दोन नांवें विशेष प्रसिद्ध आहेत. अमेरिकेंत १९८९ सालीं गॅरी बरेल व मिन काओ या दोघां इंजिनियरांनीं कंपनी काढली. दोघांच्या नांवांचे तुकडे जोडून पुढें तिचें 'गार्मिन' हें नांव झालें. दुसरी 'टॉमटॉम', ती १९९१ सालीं हॉलंडांत अॅमस्टरडॅम येथें निघाली. आपल्या देशांत राकेश व रश्मी वर्मा या दंपतीनें १९९५ सालीं दिल्लीस आरंभिलेल्या 'मॅपमायइंडिया' या संस्थेनें हिंदुस्थानचे नकाशे तयार करण्याचें मोठें काम केलें आहे. गार्मिनच्या यंत्रांची देखभाल 'गार्मिन एक्सप्रेस' या सॉफ्टवेअरनें होते. टॉमटॉमचें जुनें 'होम' व नंतरचें 'मायड्राइव्ह कनेक्ट'.

पहिली तक्रार वेळाची. खंडप्राय देशाचा नकाशा इतका मोठा असतो कीं मंद इंटरनेटवर तो उतरून घेण्यास तासचे तास लागतात. दुसरी तक्रार जागेची: यंत्र जुनें, त्याची स्मरणशक्ति लहान, आणि नवा नकाशा पूर्वीच्यापेक्षां मोठा, मग आपल्या कामाचा भाग तेवढा निवडून घ्यावा लागतो किंवा निराळें मेमरी कार्ड घालावें लागतें. तिसरी तक्रार अशी कीं नवें सॉफ्टवेअर सोपें केलें खरें, पण सोपें करतांना जाणत्यांच्या सोयी काढून टाकल्या. गार्मिनच्या जुन्या 'मॅपसोर्स' व 'बेसकॅम्प' यांवर मार्गाची बारीक आंखणी करितां येई, म्हणून डोंगर चढणारे व मोटारसायकलीवरून लांब जाणारे लोक त्यांची आठवण काढतात. उलटपक्षीं, ज्यास केवळ घरून बाजारास व बाजारांतून घरीं यावयाचें आहे, तो एकच कळ दाबून काम होतें म्हणून समाधानी असतो. दोघांचीं मतें विरुद्ध दिसलीं तरी दोघांच्या गरजाच निराळ्या आहेत.

चौथी तक्रार शब्दाच्या अर्थाविषयीं आहे, आणि ती विशेष विचार करण्यासारखी आहे. कांहीं यंत्रांच्या खोक्यावर "आजन्म नकाशे" अशा अर्थाचे शब्द असतात. घेणारा समजतो कीं आपला जन्म. विकणाऱ्याच्या मनांत मात्र यंत्राचा जन्म असतो, आणि तो केव्हां संपला हें ठरविण्याचा अधिकार विकणाराच आपल्याकडे ठेवितो! २०१८ च्या जानेवारींत टॉमटॉमनें आपल्या कांहीं जुन्या यंत्रांस यापुढें नवे नकाशे मिळणार नाहींत असें जाहीर केलें, तेव्हां घेणाऱ्यांनीं मोठा रोष प्रकट केला. जुन्या यंत्रांत नवा नकाशा पेलण्याचें बळ नाहीं, हें कर्त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें; पण शब्द वापरतांना त्याचा जो अर्थ सामान्य मनुष्य घेईल तोच पाळावा, हा प्रामाणिकपणाचा साधा नियम आहे. आमचे विद्यार्थी उद्यां व्यापारी होतील. त्यांनीं हें उदाहरण विसरूं नये.

उजळणी न केल्यास काय होतें, याचाही एक दाखला देतों. जीपीएसचे उपग्रह दिनांक पाठवीत नाहींत. ६ जानेवारी १९८० पासून कितवा आठवडा चालला आहे तो आंकडा पाठवितात. मूळ योजनेंत या आंकड्यास दहा द्विमान स्थानें दिलीं होतीं. दोनाचा दहावा घात १०२४. म्हणून ० पासून १०२३ पर्यंत मोजून झालें कीं गणना पुनः शून्यावर येते. असें १९९९ च्या ऑगस्टांत व २०१९ च्या एप्रिलांत झालें. पुढें २०३८ च्या नोव्हेंबरांत होईल. ज्यांच्या आंतील आज्ञावली वेळेवर सुधारली नव्हती अशा जुन्या यंत्रांस सुमारे वीस वर्षें मागची तारीख दिसण्याचा धोका होता. अशा वेळीं उपग्रह निर्दोष असतो, नकाशाही निर्दोष असतो. चुकतो तो उजळणीचा कंटाळा करणारा मालक.

कधीं मालकाचाही दोष नसतो. २०२० च्या जुलैंत गार्मिनच्या संगणकांवर खंडणीखोरांनीं हल्ला केला आणि कंपनीच्या पुष्कळ सेवा कांहीं दिवस बंद पडल्या. आपलें यंत्र दूरच्या संगणकावर किती अवलंबून आहे, हें त्या वेळीं हजारों लोकांस प्रथमच उमगलें.

मतें वाचतांना आणखी एक खबरदारी घ्यावी. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या यंत्रांत नवा नकाशा भरला जात असतां अर्ध्यावर वीज गेली. यंत्र मुकें झालें. त्यांनीं रागाच्या भरांत कर्त्यांविरुद्ध कडक अभिप्राय लिहून टाकला. चार दिवसांनीं एका विद्यार्थ्यानें मार्गदर्शिका वाचून, दिलेल्या पायऱ्या एकामागून एक करून, तेंच यंत्र पूर्ववत् केलें. गृहस्थ संतुष्ट झाले. पण दुसरा अभिप्राय लिहावयाचें त्यांच्या मनांतही आलें नाहीं. पहिला मात्र अद्याप तसाच आहे व लोक तो वाचीत आहेत. ज्याचें काम सुरळीत झालें तो सहसा लिहीत नाहीं. ज्याचें अडलें तो लिहितो. म्हणून प्रत्येक अभिप्राय वाचतांना तो कोणत्या सालचा, कोणत्या यंत्राविषयीं, व चार अंगांपैकीं कोणत्या अंगाविषयीं आहे, हे तीन प्रश्न विचारावे. इतकें केलें म्हणजे निम्मा गोंधळ आपोआप नाहींसा होतो.

येथवर गैरसोयीचा विचार झाला. परंतु नकाशाचा शिळेपणा केवळ गैरसोयीचा विषय नाहीं. तो प्राणाशींही येऊन ठेपतो. २०२१ च्या जानेवारींत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीं अकोले तालुक्यांतील कोतूळ येथें आली. मोबाइलवरील नकाशा पुलावरून वाट दाखवीत होता. पूल होता, हें खरें. परंतु धरणाच्या सांठ्यामुळें तो त्या वेळीं पाण्याखालीं गेला होता. मोटार थेट पाण्यांत शिरली. दोघे कसेबसे बाहेर आले. चालकास जलसमाधि मिळाली. गांवांतील कोणत्याही लहान मुलानें ती वाट सांगितली नसती.

आपल्या पंचगंगेच्या कांठीं राहणारांस ही गोष्ट फार जवळची वाटेल. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. २०१९ व २०२१ या दोन्ही सालच्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेलें. शिरोलीजवळ पुणें-बंगळूर महामार्ग बंद पडला व मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या. आमच्या आसपासचे बंधारे व सखल रस्ते तर पावसाळ्यांत पाण्याखालीं जातातच. घरीं बसून कालच उजळलेला नकाशादेखील आज रात्रीं चढणारें पाणी जाणत नाहीं. मोबाइलवरील नकाशास ताज्या वार्ता मिळण्याची सोय असते हें खरें, परंतु कोणी तरी ती वार्ता दिली तर! कोतूळचा प्रसंग हेंच शिकवितो.

यावरून सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे असें कोणीं समजूं नये. रस्ते रुंद होतात, नवे वळणमार्ग निघतात, नांवें बदलतात. राष्ट्रीय महामार्ग ४ चा क्रमांक ४८ झाला. औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर व अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. जुना नकाशा घेऊन निघालेल्या परप्रांतीय चालकानें पाटी वाचली तरी तो बुचकळ्यांत पडेल. तेव्हां उजळणी अवश्य करावी. फक्त तिच्याकडून जें होणार नाहीं त्याची अपेक्षा करूं नये.

आणि आपणही कांहीं देणें लागतों. २००४ सालीं इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट यांनीं 'ओपनस्ट्रीटमॅप' नांवाचा एक खुला नकाशा आरंभिला. तो कोणाही सज्ञान मनुष्यास दुरुस्त करितां येतो, व पुष्कळ गार्मिन यंत्रांत घालण्यासाठीं तो मोफत मिळतो. त्यांत गांवांचीं व रस्त्यांचीं नांवें मराठींतही लिहिण्याची सोय आहे. आपल्या गल्लीचें नांव चुकलें आहे, एकाद्या बंद रस्त्यावर वाहतूक दाखविली आहे, असें आढळल्यास वडील माणसांच्या देखरेखीखालीं तें सुधारणें हें आमच्या विद्यार्थ्यांस सहज साधणारें लोकसेवेचें काम आहे. ज्या प्रवाशाचें तोंडही आपण कधीं पाहणार नाहीं, त्याचें पाऊल यामुळें सांभाळलें जाईल.

शेवटीं पालकांस थोडी व्यावहारिक सूचना. यंत्र घेण्यापूर्वीं नकाशे किती वर्षें मिळतील तें लेखी पाहावें. उजळणीपूर्वीं साठविलेल्या जागांची प्रत काढून ठेवावी. वीज व इंटरनेट यांची खात्री असेल अशीच वेळ निवडावी. प्रवासाच्या आदल्या रात्रीं हें काम काढूं नये. आणि पावसाळ्यांत, अंधारांत, अनोळखी पुलापाशीं आलें असतां यंत्र कांहींही सांगो, गाडी थांबवावी, दिवा दिसेल त्या घरीं जावें व "पाव्हणं, वाट चालू आहे का?" असें विचारावें. तो जुना वाटाड्या अजून गांवोगांवीं आहे, आणि त्याच्या नकाशाची उजळणी रोज सकाळीं होत असते.